चुनखडीच्या डोंगरातलं पाणी आणि जीवन: संग्रहालय उभारणीच्या नोंदी

6 जानेवारी

दालनांचा क्रम आज पक्का झाला. विषय दिनारिक पर्वतरांगेच्या स्लोव्हेनियातल्या भागाचा. भूगर्भ, प्राणी, लोकजीवन अशी विषयवार तीन दालनं करण्याचा प्रस्ताव बाजूला ठेवला. इथे पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने प्रेक्षकही जाणार: पाऊस, दगड, जमिनीत शिरणाऱ्या नद्या, अंधार, उगम, गाव. या प्रदेशात अंधारातला प्राणी आणि गावातला माणूस एकच पाणी पितात. दालनं विषयवार तोडली तर नेमकी हीच गोष्ट दिसेनाशी होते.

पहिल्या फलकावर एकच विरोधाभास राहील. क्रास पठारावर वर्षाला 1400 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तरी वर वाहती नदी जवळपास नाही. उत्तर तिथे लिहायचं नाही, पुढच्या दालनांनी ते द्यायचं.

13 जानेवारी

दगडाचं टेबल. चुनखडी, डोलोमाइट आणि वालुकाश्म यांचे 200 × 200 मिमीचे तुकडे, शेजारी व्हिनेगरची ड्रॉपर-बाटली. गुळगुळीत चुनखडीवर व्हिनेगर इतकं हळू फसफसतं की दिसतच नाही. म्हणून प्रत्येक तुकड्यावर कानशीने घासून भुकटीची पट्टी तयार ठेवायची. भुकटीवर बुडबुडे लगेच येतात, कारण आम्लाला पृष्ठभाग कितीतरी जास्त मिळतो. डोलोमाइट जवळपास गप्प राहतो आणि हा फरक हाताने करून बघण्यासारखा आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल फक्त कर्मचाऱ्यांच्या कपाटात.

फलकावरचे आकडे: उघड्या हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात लिटरला 50 ते 75 मिग्रॅ चुनखडी विरघळते. तेच पाणी मातीतून झिरपलं तर चित्र बदलतं. मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड 1 ते 3 टक्के असू शकतो, आणि मग हाच आकडा 200 ते 300 मिग्रॅपर्यंत जातो. वायू शंभरपट वाढला म्हणून विरघळणं शंभरपट होत नाही. ते साधारण घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. हे वाक्य ठेवायचंच, कारण डोंगर पोखरण्यात मातीचा आणि झाडांचा किती वाटा आहे हे त्यातून कळतं. क्रासवरच्या उघड्या चुनखडीची झीज वर्षाला सुमारे 0.02 मिमी, म्हणजे हजार वर्षांत 2 सेंमी.

"वाढता लवणस्तंभ" ही मागणी पुन्हा आली. नाही करायचा. गुहेतली वाढ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या घरातली असते, प्रेक्षकाला काही दिसणार नाही. काँक्रीटच्या छतातून ठिबकून होणाऱ्या पांढऱ्या कांड्या झपाट्याने वाढतात, पण त्यांचं रसायन उलटं आहे. तिथे पाण्यात विरघळलेला विरलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतो. गुहेत पाणी तो वायू सोडतं आणि म्हणून चुना खाली बसतो. दिसायला सारखं म्हणून चुकीची गोष्ट मांडायची नाही. गुहेतून तोडलेले नमुनेही नकोत, साच्यातून काढलेल्या प्रती पुरेशा आहेत.

27 जानेवारी

मुख्य मॉडेल: येणारं-जाणारं तळं. आधार त्सेर्क्नित्सा तळ्याचा. पाऊस लागला की दोन-तीन दिवसांत भरतं, 20 चौरस किमीहून जास्त पसरतं आणि मग तीन-चार आठवड्यांत तळाच्या व काठाच्या भोकांतून निघून जातं. उरलेल्या काळात तिथे गवत कापतात. मॉडेलला दाखवायचं आहे ते एवढंच: येणारं पाणी गिळण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त असेल तोवर तळं, नाहीतर कुरण.

आकडेमोड. पहिल्या आराखड्यात तळ्याचा तळ 1 चौ.मी. होता. 60 मिमी खोलीला 60 लिटर लागतात, म्हणजे भरणं-ओसरणं मिळून पंधरा-वीस मिनिटं. तेवढा वेळ एका प्रदर्शनापुढे कोणी थांबत नाही. तळ 0.4 चौ.मी. केला, पाणी 24 लिटर झालं. आवक मिनिटाला 18 लिटर: 12 काठच्या झऱ्यांतून, 6 तळाखालच्या बंद कप्प्यातून वर. निचरा तीन वाटांनी: काठाच्या दोन पोनोरांतून, म्हणजे नदी गिळणाऱ्या तोंडांतून, प्रत्येकी 5.5 मिमीचं भोक. आणि तळाच्या कप्प्यातून 3.5 मिमीचं.

भोकं 600 मिमी खाली, उभ्या नळीच्या तळाशी बसवलेल्या चकतीत आहेत. तेवढ्या उंचीच्या दाबाला 5.5 मिमीच्या धारदार कडेच्या भोकातून मिनिटाला 3 लिटर जातात, 3.5 मिमीमधून 1.2. एकूण निचरा 7.2. म्हणजे भरायला सव्वादोन मिनिटं, ओसरायला साडेतीनच्या आत.

चकती नळीच्या वरच्या तोंडाशी बसवायचा मोह होतो, कारण साफ करायला सोपी. तसं करू नये. मग खालची नळी कधी भरलेली, कधी रिकामी राहते आणि प्रवाह एका चाचणीत एक, दुसऱ्या चाचणीत वेगळा येतो. चकती तळाशी असली की नळी भरून राहते आणि दाब ठरलेला मिळतो. तळं 60 मिमीने भरलं तरी दाब एक-दशांशच वाढतो, निचरा पाच टक्क्यांनी. वेळांचा हिशोब त्यामुळे टिकतो.

भरणं आणि ओसरणं यांचं प्रमाण खऱ्या तळ्यासारखं नाही. खरं तळं भरण्याच्या मानाने कितीतरी हळू ओसरतं. फलकावर ते स्पष्ट लिहायचं.

9 फेब्रुवारी

जोडणी पूर्ण. टेबलाची कड 750 मिमीवर ठेवली, व्हीलचेअरवरून आणि लहान मुलांना तळ दिसावा म्हणून. यामुळे खाली जागेची ओढाताण आहे. तळ 750 मिमीवर असेल तर चकत्या जमिनीपासून 150 मिमीवर येतात आणि संपातलं, म्हणजे खालच्या साठवण टाकीतलं, पाणी त्याहून खालीच राहायला हवं. पातळी चकतीला लागली की धार पाण्यात बुडते, दाब घटतो आणि तळं ओसरायला वेळ लागतो. म्हणून संप पसरट: 1000 × 800 मिमी. तळं भरलेलं असताना त्यात 60 मिमी पाणी, रिकामं असताना 100 मिमीच्या आत. एकूण पाणी 80 लिटर. इतक्या उथळ पाण्यात बुडवायचा पंप हवा ओढतो, तेव्हा पंप बाहेर आणि संपाच्या एका कोपऱ्यात 80 मिमी खोल खळगा.

चाचणीत दिसलेलं: तळं 15 मिमीपर्यंत ओसरलं की पोनोरवर भोवरा होतो, नळीत हवा शिरते आणि निचरा एकदम मंदावतो. तोंडात 40 मिमी उंचीची अधिकचिन्हाच्या आकाराची पट्टी बसवली. भोवरा शेवटच्या 5 मिमीपर्यंत मागे गेला. पूर्ण घालवायचा नाही. खऱ्या पोनोरांतही शेवटचं पाणी गुरगुरत जातं, आणि तो आवाज ऐकून माणसं मॉडेलकडे वळतात.

तळाच्या भोकांचं काम बघण्यासारखं आहे. पंप सुरू झाला की कुरणाच्या मधोमध आधी ओले डाग पडतात, मग तिथून पाणी वर येतं. पंप बंद झाला की तीच भोकं पाणी आत घेऊ लागतात. झरा आणि गिळणारं तोंड एकच, फक्त खालचा दाब बदललेला.

रबरी बुचं दोन, साखळीला बांधून. 1960 च्या दशकाच्या अखेरीस कार्लोवित्सा गुहांची तोंडं बंद करून तळं कायमचं भरलेलं ठेवण्याचा प्रयत्न झाला होता. पाणी टिकलं नाही. मॉडेलवर दोन्ही पोनोर बुचांनी बंद केले तरी तळाची भोकं सुमारे वीस मिनिटांत तळं रिकामं करतात. हा भाग संपूर्ण दालनात सर्वांत बोलका होणार, याची खात्री वाटते.

17 फेब्रुवारी

मॉडेलवरचा पाऊस. फवारणीचे नोझल रद्द. बंदिस्त दालनात फिरवलेल्या पाण्याचे बारीक तुषार म्हणजे लेजिओनेला जिवाणूला आमंत्रण. 20 ते 45 अंश सेल्सिअस हा त्याच्या वाढीचा टप्पा आणि दिव्यांखालचं पाणी सहज तिथे पोचतं. पर्याय: 1 मिमी भोकांचा ट्रे, त्यातून जाड थेंब, वर काच. संपातलं पाणी 20 अंशांखाली, पंपानंतर अतिनील दिवा, आठवड्याला पूर्ण उपसा आणि जंतुनाशकाने धुणं, रात्री नळ्यांत पाणी साचू न देणं.

पाणी कठीण असेल तर ट्रेची भोकं चुन्याने बुजतात. थेंब लटकतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो, भोकाच्या कडेला पांढरी कडी तयार होते. जे दालन शिकवतं तेच यंत्राला नडतं. खनिजं काढलेलं पाणी वापरायचं, पण असं पाणी पितळ खातं. म्हणून सगळे जोड प्लास्टिकचे किंवा स्टेनलेसचे. बुजलेली एक नळी कापून दगडाच्या टेबलावर ठेवली आहे.

2 मार्च

रंग टाकून वाट शोधण्याचं प्रदर्शन. गोष्ट डॅन्यूबची. 1877 मध्ये नदीत 10 किलो युरेनिन हा रंग आणि सोबत कित्येक टन मीठ टाकलं. सुमारे 60 तासांनी 12 किमी दूरच्या आख उगमातून हिरवं, खारट पाणी आलं. म्हणजे डॅन्यूबचं पाणी जमिनीखालून ऱ्हाइनच्या खोऱ्यात जातं. आपल्या प्रदेशातली जोड रेका नदीची: श्कोत्स्यानच्या गुहांत गडप होते आणि समुद्राजवळ तिमावोच्या उगमांतून वर येते. तिथे 1920 च्या दशकात खुणा केलेले ईल मासेही सोडले होते.

भिंतीवर पारदर्शक नळ्यांचं जाळं. बटण दाबलं की 0.5 मिली रंग, लिटरला 1 ग्रॅम तीव्रतेचा. दोन वाटा: एक 16 मिमीची सरळ नळी, दुसरी 4 लिटरच्या वाळूभरल्या कप्प्यातून. पहिलीतून रंग काही सेकंदांत झटक्यात येतो, दुसरीतून उशिरा आणि लांबत. 470 नॅनोमीटरच्या निळ्या दिव्याखाली रंग चमकतो. फोटोडायोड त्याचा आलेख काढतो. आलेखातला उंच सुळका आणि त्याची लांबलेली शेपटी हेच कार्स्टमधल्या, म्हणजे पाण्याने पोखरलेल्या चुनखडीच्या प्रदेशातल्या, प्रवाहाचं खरं चित्र. थोडं पाणी सुसाट जातं, बाकीचं भेगांतून रेंगाळतं.

अडचण पाण्याच्या पुनर्वापराची. बंद वळणात 40 लिटर पाणी आहे, एका दाबण्याने लिटरला 12.5 मायक्रोग्रॅम रंग वाढतो. चाळीस दाबण्यांत अर्धा मिलिग्रॅम, आणि सगळ्या भिंतीलाच हिरवी झाक येते. उपाय संशोधकांच्या पिशवीतलाच: उगमाशी रंग पकडायला ते सक्रिय कोळशाच्या पुड्या टांगतात. परतीच्या नळीवर दाणेदार सक्रिय कोळसा 1 किलो बसवला. उगमापासून संपापर्यंत पाणी त्यातून गेलं पाहिजे, वळसा मिळता कामा नये. डब्यात कोळसा सैल भरला तर पाणी कडेने वाट काढतं आणि रंग तसाच परत येतो. वर-खाली जाळी लावून घट्ट दाबून भरावा. रंगाची बाटली काळी, कारण उजेडात युरेनिन विटतं. पाणी आम्लयुक्त झालं तर चमकही उतरते, सामू 7 च्या वर ठेवायचा. जाळ्याच्या प्रत्येक उंच वळणावर हवा काढायची चावी हवी. अडकलेला एक बुडबुडा अख्खी वाट बंद करतो.

11 मार्च

रुक-रुकून वाहणारा झरा. आत 3 लिटरचा कप्पा, उलट्या U आकाराची 10 मिमीची नळी. आवक मिनिटाला 1 लिटर. सायफन लागला की जावक 5 लिटर. तीन मिनिटं शांत, मग पाऊण मिनिट वाहणं.

नळी जाड घेतली तर फसतं. 19 मिमीच्या नळीत पाणी वळणावरून कडेने ओघळत राहिलं, नळी कधी पूर्ण भरलीच नाही आणि सायफन लागला नाही. आवक फार वाढवली तर उलटं होतं, सायफन सुटतच नाही. सुटण्याच्या वेळी आतलं तोंड एकदम हवा ओढेल यासाठी ते तिरकं न कापता सरळ कापावं आणि कडेला 3 मिमीची खाच द्यावी.

हे प्रदर्शन तळ्याच्या शेजारी ठेवायचं नाही. वाल्वासोर या सतराव्या शतकातल्या इथल्या अभ्यासकाने त्सेर्क्नित्साचं कोडं भूमिगत सायफनांनी सोडवलं होतं. त्या कामासाठी 1687 मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. तळ्याला ते स्पष्टीकरण लागू पडत नाही, दोन्ही यंत्रं जवळ दिसली तर प्रेक्षकही तीच सांगड घालेल. झऱ्याची जागा अंधाऱ्या दालनाच्या दाराशी. व्र्ह्निकाजवळच्या अशाच एका झऱ्यात ड्रॅगन राहतो आणि तो पाणी बाहेर ढकलतो असं लोक मानत. पुरात बाहेर आलेला फिकट, लांबुळका प्राणी त्याचं पिल्लू समजत. वाल्वासोरने हे 1689 मध्ये छापलं. तिथून प्रेक्षक थेट त्या प्राण्यापाशी जातो.

24 मार्च

ऑल्म, म्हणजे गुहांतल्या पाण्यात राहणारा तो फिकट सॅलमँडर. जिवंत ठेवायचा नाही, निर्णय झाला. कारणं कामाची आहेत: पाणी सतत 9-11 अंश, क्लोरीन नसलेलं, दुहेरी चिलर आणि वीज गेल्यावर तिसरी सोय, काचेवर धरणारं दव, आणि उजेड, ज्यापासून हा प्राणी दूर पळतो. शिवाय तो संरक्षित आहे. पोस्तोय्नाच्या गुहेत हे काम जाणकार माणसं करतात. तिथे 2016 मध्ये एका मादीने 64 अंडी घातली आणि 21 पिल्लं जगली. प्रेक्षकांना त्या अंड्यांची वाढ टप्प्याटप्प्याने मॉडेलमधून दाखवू.

प्रतिकृती 25 सेंमी. पुढच्या पायाला तीन बोटं, मागच्या पायाला दोन, गळ्याशी लाल कल्ल्यांचे झुबके, डोळे कातडीखाली. शेजारी बेला क्रायिनातला काळा ऑल्म, 1986 मध्ये सापडलेला आणि 1994 मध्ये वर्णन झालेला: कातडी गडद, डोळे चांगले वाढलेले, डोकं आखूड. एकाच जातीतला हा फरक जोडीनेच ठेवायला हवा.

साच्यात अडचण येते ती मूळ आकाराच्या मातीमुळे. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधक असलेल्या प्लॅस्टिसिनवर घट्टच होत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. बिनगंधकी माती घ्यावी. पांढरा रंग जवळजवळ घालूच नये. कातडी अर्धपारदर्शक राहिली पाहिजे, आत फिकट गुलाबी गाभा. पांढरा वाढला की प्राणी रबराचा दिसतो.

आयुष्याचे आकडे मोठ्या अक्षरांत: सरासरी सुमारे 68 वर्षं, कमाल शंभराच्या पुढे, अन्नाशिवाय वर्षानुवर्षं. बाजूला त्याच दुनियेतले शेजारी: लेप्टोडायरस, 1831 मध्ये पोस्तोय्नात सापडलेला, गुहेत राहणारा म्हणून शास्त्रात नोंदला गेलेला पहिला भुंगा, कॉन्जेरिया हा गुहेत राहणारा शिंपला, मारिफुजिया हा गोड्या पाण्यातला नळी बांधणारा किडा.

प्रकाश: बाहेर 200 लक्स, मग 8 मीटरच्या मार्गिकेत 50, 10, 3. डोळ्यांना सरावायला वेळ मिळतो. सुटकेच्या मार्गाच्या मध्यरेषेवर 1 लक्सच्या खाली जायचं नाही. पायऱ्या नकोत, उतार फक्त.

पाण्यातल्या डीएनएवरून ऑल्म शोधण्याची पद्धत एका टेबलावर: उगमाचं पाणी गाळणीतून, गाळणी प्रयोगशाळेत. प्राणी न पकडता तो डोंगरात आहे की नाही ते कळतं.

8 एप्रिल

गावाचं दालन. गणित भिंतीवर: 1 चौ.मी. छतावर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. 80 चौ.मी. दगडी छत, 1400 मिमी, पाचवा हिस्सा वाया: वर्षाला सुमारे 90,000 लिटर. सहा माणसं दिवसाला प्रत्येकी 20 लिटर आणि दोन गायी प्रत्येकी 50 लिटर धरल्या तर गरज 80,000. वर्षाचा हिशोब जेमतेम बसतो. 30,000 लिटरचं टाकं भरलेलं असेल तर साडेचार महिने निघतात. हा हिशोब आहे, कुठल्या एका घराची नोंद नाही, हे फलकावर असेल. पन्हळाच्या प्रतिकृतीत पहिल्या पावसाचं घाण पाणी टाक्यात न जाऊ देणारी फिरती पन्हळ हवीच.

गुरांच्या तळ्यासाठी तीन कुंड्या: खडी, सैल लाल माती, आणि मळून 60 मिमी थरात चोपलेली चिकणमाती. पहिलीतून पाणी पडतं, दुसरीतून झिरपतं, तिसरीत उभं राहतं. चोपताना माती हाताला चिकटण्याइतकी ओली नको आणि भेगाळण्याइतकी कोरडीही नको. 20 मिमीच्या थरांत चोपावी, कुंडीच्या कडेला अंगठ्याने दाबावी, कारण गळती कडेनेच होते. तिसऱ्या कुंडीवरचं पाणी कधी आटू द्यायचं नाही. माती सुकली की तडा जातो आणि परत भिजवून तो नीट मिटत नाही. गावातली माणसं तळं पूर्ण आटू न देण्यासाठी का धडपडत, ते इथे कळतं.

20 लिटरची लाकडी बादली उचलून पाहायला ठेवली आहे. कडी जमिनीतल्या रुळाला अडकवलेली, उंची 400 मिमीच्या वर जात नाही.

15 एप्रिल

प्रदूषणाचा फलक छोटा, पण उगमाच्या अगदी समोर. बेला क्रायिनातल्या क्रूपा उगमात 1983 मध्ये पीसीबी हे विषारी रसायन सापडलं. कपॅसिटर बनवणाऱ्या कारखान्याचा कचरा डोंगरातल्या खड्ड्यांत टाकला गेला होता. वाळूतून पाणी गाळून येतं, भुयारातून येतं ते धावत. शेजारी रंगाच्या भिंतीचा आलेख पुन्हा, त्याच मापाने.

29 एप्रिल

देखभालीचा तक्ता लावला. रोज: संपाची पातळी, तापमान, पोनोरांच्या तोंडातला कचरा (गवताच्या नकली काड्या सुटून इथेच अडकतात, तोंडावर 4 मिमीची जाळी). आठवड्याला: उपसा, धुणं, चकत्या काढून भोकं 5.5 आणि 3.5 मिमीच्या पिनांनी तपासणं. महिन्याला: आवकेची मोजणी, बादली आणि घड्याळ घेऊन, 18 लिटरऐवजी 16 आले तर पंपाची चाळणी. तीन महिन्यांना: कोळसा बदलणं, अतिनील दिव्याच्या तासांची नोंद.

बाकी कामं: तिसऱ्या कुंडीला ठिबक जोडणं, अंधाऱ्या मार्गिकेतल्या दुसऱ्या दिव्याचा झोत प्रतिकृतीच्या काचेवर पडतो तो 15 अंशांनी वळवणं, दृष्टिहीनांसाठी तळ्याच्या तळाचं उठावाचं स्पर्श-मॉडेल 1:4 मापाने छापायला देणं. त्यात तळाची भोकं किमान 6 मिमीची ठेवायची, त्याहून बारीक बोटाला कळत नाहीत.